उतार चालतो, खळगा चालत नाही

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत आईच्या खोलीची मोझॅक फरशी खिडकीकडून दाराकडे उतरत गेलेली आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला गार फरशीवर पाय टेकवणे नकोसे होऊ लागले, तेव्हा मे महिन्यात तिथे लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचे आच्छादन, घालायचे ठरले. दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये हेच काम आम्ही कारागिराच्या सल्ल्याने, खळग्यांवर फोमचे दोन थर अंथरून उरकले होते. पावसाळा संपायच्या आतच तिथले सांधे उघडले, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय आईच्या खोलीला हात लावायचा नाही, असे मी ठरवले.

लॅमिनेट खालच्या फरशीला चिकटवत नाहीत; ८ मिमी जाडीच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून तो सगळा थर फरशीवर नुसता टेकलेला असतो. पट्टीखाली पोकळी असेल, तर प्रत्येक पावलागणिक सांधा खाली दबतो आणि वर येतो, त्याची बारीक जीभ झिजून तुटते, आणि त्या फटीतून पोछ्याचे पाणी आतल्या दाबलेल्या लाकडी तंतूंच्या गाभ्यात शिरले की फुगलेली कड पुन्हा बसत नाही. जाड, मऊ फोममुळे ही हालचाल थांबत नाही, उलट वाढते. एकसारखा उतार मात्र सांध्यांना त्रास देत नाही, कारण उतरता असला तरी तो पृष्ठभाग सपाटच असतो.

म्हणून दोन मापे वेगवेगळी घेतली. पाण्याच्या पारदर्शक नळीने उतार पाहिला, तो १२ फुटांत २० मिमी भरला. मग २ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी फरशीवर सगळ्या दिशांनी फिरवली. २ मीटरमागे साधारण ३ मिमीपर्यंतचा फरक चालतो. आमच्याकडे कपाटापाशी ६ मिमीचा खळगा आणि उंबऱ्याजवळ वर आलेल्या दोन फरशा सापडल्या. संपूर्ण उतार काढायचा, तर १० बाय १२ च्या खोलीत सरासरी १० मिमी थर, म्हणजे सुमारे १९० किलो सेल्फ-लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप समतल होणारे) मिश्रण ओतावे लागले असते. जुन्या स्लॅबवर एवढा भार टाकणे मला योग्य वाटले नाही. उतार वाढत नसल्याची खात्री इंजिनिअरकडून आधीच करून घेतली होती. (ही खात्री कोणीही टाळू नये.)

उंचवटे ग्राइंडरने घासले, पोकळ वाजणाऱ्या फरशा पुन्हा बसवल्या, मोझॅकचे पॉलिश खरवडून प्रायमर लावला आणि फक्त खळगा भरला. तो पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर २ मिमी फोमचा एकच थर आणि ४८ तास त्याच खोलीत ठेवलेल्या पट्ट्या, अशा क्रमाने काम झाले. सुरुवात उताराच्या खालच्या भिंतीपासून केली आणि भिंत आणि पट्ट्यांमध्ये बसवलेल्या पाचरी शेवटपर्यंत काढल्या नाहीत, त्यामुळे ओळी सरकल्या नाहीत. मेमधल्या कोरड्या पट्ट्या जुलैच्या दमट हवेत फुगणारच, म्हणून चारही भिंतींलगत पूर्ण १० मिमी फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकली.

उंची वाढल्यामुळे दार खालून रंधून घ्यावे लागले, आणि आईचे कपाट पुढे झुकू नये म्हणून त्याच्या दाराकडच्या दोन पायांखाली सागाच्या चकत्या दिल्या.