फोडणी तुमची, तयारी आमची

मध्य रेल्वेच्या बायकांच्या डब्यात संध्याकाळी मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, गवारीच्या शिरा निघतात. बाहेरगावच्या लोकांना याचं फार कौतुक वाटतं. मी नोकरीच्या काळात डोंबिवली ते सीएसएमटी हा प्रवास वर्षानुवर्षं केला आणि मला त्यात सरळ हिशेब दिसायचा. घरी पोचल्यावर स्वयंपाकाला जेमतेम तासभर मिळणार, त्यातला अर्धा निवडण्या-चिरण्यात जाणार, म्हणून ते काम गाडीतच उरकायचं. गॅससमोर उभं राहण्याचा वेळ खरं तर थोडाच असतो. उसळ पंचवीस मिनिटांत होते, पिठलं दहा मिनिटांत. वेळ खातं ते त्याआधीचं काम: भिजवणं, मोड आणणं, सोलणं, भाजणं, वाटणं. ही तयारी करून द्यायचा आमचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवात मात्र डब्यांपासून झाली. 2013 साली मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई (घरात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणते) अशा दोघींनी पोळी-भाजीचे डबे द्यायला घेतले. मी शिकले गृहविज्ञान, नोकरी केली विम्याच्या कार्यालयात. वहिनींचं शिक्षण दहावीपर्यंत, पण पन्नास माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करून पातेल्यात वाटीभरही उरू न देणं हे त्यांनाच जमतं. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. आमचे डबे चालत होते, तसे इतरांचेही चालत होते. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी काही जणी वेगळंच मागू लागल्या. "ताई, भाजी मी करीन हो, पण मटकीला मोड आणून द्याल का?" दुसरीला ओल्या नारळाचं वाटण हवं होतं. तिसरीने सोललेले वाल मागितले, आणि तिथून आमचा रस्ता वळला.

वालाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमचं काम त्यातून नीट कळतं. कडवे वाल रायगडात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतात. ते रात्रभर भिजवायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधायचे आणि मोडांची वाट पाहायची. पावसाळी उकाड्यात मोड लवकर येतात, डिसेंबर-जानेवारीत पुरचुंडी उबेला ठेवावी लागते. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. किलोभर कोरड्या वालाच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, मिळतात, पण सोलणारीची बोटं सुरकुततात आणि दुपार त्यातच जाते. नोकरी करणाऱ्या बाईने हे आठवड्याच्या मधल्या वारी करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून कित्येक घरांतून डाळिंब्यांची उसळ आणि बिरडं हे सणापुरतं राहिलं होतं. आम्ही सोललेल्या डाळिंब्या निथळून पाव किलोच्या पाकिटात, 5 अंशांच्या खाली थंड ठेवून देऊ लागलो आणि त्या घरांत बुधवारी-गुरुवारीही बिरडं शिजू लागलं. मला या एका गोष्टीचा जेवढा आनंद आहे तेवढा कुठल्याच उलाढालीचा नाही.

वाल सोलायला आमच्याकडे आसपासच्या इमारतींमधल्या आठ-नऊ मावशी येतात. बऱ्याचशा साठीच्या पुढच्या. वजनावर पैसे मिळतात, दर आठवड्याला हिशेब होतो. सोलून झालेल्या परातीतून बोट फिरवून कुचका दाणा बाजूला काढणं हे कुठलंही यंत्र त्यांच्याइतकं चांगलं करत नाही.

मोडाच्या कडधान्यांबाबत मी फार काटेकोर आहे. मोडांना ऊब आणि ओल लागते, आणि नेमकी तीच जिवाणूंनाही मानवते. त्यामुळे भिजवायला गाळलेलं पाणी, फडकी रोज उकळलेली, आणि मोड दाण्याएवढा झाला की लगेच थंडीत. पाकिटावर आम्ही ठळक छापतो: शिजवूनच खा. व्यायामशाळेतली मुलं कच्चेच मोड मागतात, त्यांनाही मी पाच-सात मिनिटं वाफ द्यायला सांगते. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं हे खरं, आणि लोह शोषायला अडथळा आणणारं फायटिक आम्ल कमी होतं हेही खरं. शिजवताना क जीवनसत्त्व थोडं जातं. उसळ उतरवल्यावर वरून लिंबू पिळलं की ती उणीव भरून निघते, शिवाय लोहही चांगलं लागू पडतं.

मग मार्च 2020 आला. लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाल्या आणि डब्यांचा धंदा एका दिवसात थांबला, कारण डबा घेऊन जाणारेच घरी बसले. पण त्याच घरांत आता दिवसातून तीन वेळा चूल पेटत होती, मुलं घरी, म्हातारी माणसं घरी, नवरा-बायको दोघं लॅपटॉपसमोर, आणि कामाला येणाऱ्या ताई येऊ शकत नव्हत्या. शिजवलेलं अन्न बाहेरून आणायची लोकांना भीती वाटत होती, स्वतः शिजवायचं असलेलं सामान मात्र हवं होतं. सोसायट्यांच्या फाटकांवर आमच्या पिशव्या जाऊ लागल्या. भाजणी, वाटणं, मोडाची मटकी, मूग, डाळिंब्या. ऑगस्ट 2021 मध्ये दोन्ही लसी घेतलेल्यांसाठी लोकल सुरू झाल्या, लोक पुन्हा गाडीला लटकू लागले, पण ही मागणी कमी झाली नाही. डबे आम्ही परत सुरू केलेच नाहीत.

वाटणाचं तंत्र आम्हाला हळूहळू बसलं. आज तीन वाटणं कायम असतात: भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, ओल्या नारळाचं हिरवं, आणि शेंगदाणे-तिळाचं. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं खोबरं कोरडंच भाजतो. त्याचं स्वतःचं तेल सुटतं, त्यामुळे घरी आमटी-रस्सा करताना फोडणीला चमचाभर तेल पुरतं. वाटताना पाणी जवळजवळ घालतच नाही, कारण पाणी जितकं जास्त तितका गोठवताना बर्फ जास्त आणि वितळल्यावर वाटण फुटतं. आणि पाकीट वडीसारखं जाड न करता चपटं, बोटभरही जाडी नाही असं करतो. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. घरी वाटण करून ठेवणाऱ्यांनीही असंच करावं, डब्यात गच्च भरून गोठवू नये. डबा पुन्हा पुन्हा बाहेर काढून वितळवणं आणि परत आत ठेवणं याने चवही जाते आणि ते सुरक्षितही नाही. आमच्या कुठल्याच वाटणात मीठ नसतं. दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं आहारतज्ज्ञ सांगतात, मग त्यातलं किती घालायचं हे ज्याच्या घरात रक्तदाबाचं माणूस आहे त्याला ठरवू दे.

पीठांच्या बाबतीत आम्ही नवं काहीच शोधलेलं नाही. आपल्या आज्या आधीच सगळं करून ठेवत होत्या. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, आंबोळीचं पीठ ही सगळी पुढच्या घाईची तरतूद आहे. वहिनी भाजणीचं प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, कारण हरभऱ्याची डाळ खमंग व्हायच्या आत बाजरी करपते. बाजरीच्या कच्च्या पिठाला लवकर कडवट वास येतो, त्यातली चरबी खवट होते म्हणून. नीट भाजलेल्या बाजरीला तो त्रास बराच कमी, त्यामुळेच भाजणी टिकते. भाजलेलं धान्य पूर्ण थंड झाल्याशिवाय दळायचं नाही, आणि दळून आलेलं पीठ परातीत पसरून निवल्याशिवाय पाकिटात भरायचं नाही, नाहीतर आत वाफ धरते. हे दोन नियम मोडून काम लवकर उरकता येतं, गौरी-गणपतीच्या गर्दीत तसा मोहही होतो. आम्ही त्या दिवसांत ऑर्डरी कमी घेतो.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणीची विचारणा खूपच वाढली. आमची नाचणी जव्हार-मोखाड्याकडून येते, तिथे तिला नागली म्हणतात. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पुष्कळ जण नाचणी सत्त्व मागतात. लहान बाळासाठी ते ठीक, पण सत्त्व काढताना चोथा गाळून टाकला जातो, म्हणजे मोठ्या माणसाला हवे असलेले तंतूही जातात. म्हणून मोठ्यांसाठी आम्ही मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळलेलं सबंध पीठ देतो. रात्री ताकात कालवून ठेवलं तर सकाळी पाच मिनिटांत आंबील होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण घरून काम सुरू करू पाहणाऱ्या बायका हमखास विचारतात. घरगुती असलं तरी अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी लागतेच. आम्ही सुरू केलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती, त्यापुढे परवाना. आम्ही दोन्ही पायऱ्या चढलो. पाकिटावरचा 14 आकडी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, हे सगळं पहिल्यापासून नेटकं ठेवलं की पुढे जड जात नाही. घरातली जागा अपुरी पडल्यावर एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला. डीप फ्रीजर आणि व्हॅक्यूम पॅकिंगचं यंत्र सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून घेतलं. तीत तेव्हा प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत होतं. पैसे हातात पडायला वेळ लागतो, तोवर तग धरायची तयारी असावी.

आता आमचं सगळ्यात जास्त जाणारं काम म्हणजे आठवड्याची पिशवी. ती रविवारी घरपोच जाते, चार माणसांच्या पाच संध्याकाळी निघतील एवढं तिच्यात असतं. सोबत एक छापील कागद असतो, कुठल्या वारी काय आधी वापरायचं त्याचा. पालेभाजी टिकत नाही म्हणून सोमवारी निवडलेली मेथी, भिजवलेली मूगडाळ घालून. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी डाळिंब्या. गुरुवारी कुळथाचं पिठलं, शुक्रवारी थालीपीठ आणि दही. कडधान्यं आणि वाटण यांचं प्रमाण ठरवताना मी राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची आहारतत्त्वं पुढ्यात ठेवली होती. त्यांत दिवसाच्या ताटात अर्धा भाग भाज्या-फळांचा आणि 85 ग्रॅमच्या आसपास डाळी-कडधान्यं सुचवली आहेत. घराघरांत पाहिलं तर पोळी-भात भरपूर आणि कडधान्य वाटीच्या तळाशी, असंच असतं. म्हणून आमच्या पाचही संध्याकाळी कडधान्य किंवा डाळ आहेच. एका गिऱ्हाइकाच्या घरी आता मंगळवारची उसळ त्यांचा नववीतला मुलगा करतो, आई येईपर्यंत कुकरची शिट्टी झालेली असते. तयारी झालेली असली की स्वयंपाक एकाच माणसाच्या गळ्यात पडत नाही, हे अशा घरांमुळे मला कळलं.

काही गोष्टी आम्ही करत नाही आणि करणार नाही. चिरलेला कांदा नाही, त्याला काही तासांत उग्र वास येतो. चिरलेले बटाटे नाहीत, ते काळे पडू नयेत म्हणून काहीतरी मारावं लागतं. आणि शिजवलेला भात तर नाहीच, कितीही मागणी आली तरी. भातात शिजवल्यानंतरही तग धरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात, आणि भात बाहेर कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. भात ताजाच लावा. उरला तर पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

सध्या लहान पाकिटांचं काम चालू आहे. डोंबिवलीत अशी पुष्कळ घरं आहेत जिथे दोघंच म्हातारी माणसं राहतात, मुलं बेंगळुरूला किंवा परदेशात. त्यांना पाव किलो मटकी चार दिवस पुरते आणि चौथ्या दिवशी ती खाऊ नये असं आम्हीच सांगतो. त्यांच्यासाठी 100 ग्रॅमची पाकिटं काढत आहोत. लहान पाकिटाला पॅकिंगचा खर्च जास्त पडतो, तरी ग्रॅममागचा भाव तोच ठेवायचं वहिनींनी ठरवून टाकलं आहे. मटकी, मूग आणि हिरवं वाटण यांची लहान पाकिटं मिळू लागली आहेत, डाळिंब्यांची श्रावणापासून मिळतील. श्रावणात वालाला मागणी फार असते, तेव्हा कृपया तीन दिवस आधी कळवा. भिजवणं, मोड येणं आणि सोलणं यात तेवढे दिवस जातात.