टेसच्या पदरात पडलेलं

अमळनेर, आखाजीनंतरचा रविवार

थॉमस हार्डीची 'टेस' आज दुपारी संपली आणि संध्याकाळपर्यंत मी घरात कोणाशी धड बोलले नाही. कादंबरी १८९१ सालची. कॉलेजात ती अभ्यासाला होती. 'टेसच्या शोकांतिकेला ती स्वतः कितपत जबाबदार?' हा ठरलेला प्रश्न, आणि गाईडातलं उत्तरही ठरलेलं: थोडी ती, थोडं नशीब, थोडा समाज. तिघांत असं वाटून टाकलं की कोणाच्याच अंगाला काही लागत नाही. मला हे उत्तर मुळीच पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं इथे लिहून ठेवते. टेसच्या वाट्याला जे आलं ते तिच्या करणीचं फळ नव्हतं. तिने अ‍ॅलेकचा, म्हणजे तिचं आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या श्रीमंत तरुणाचा, जीव घेतला, आणि मी त्याला खूनच म्हणते. पण तिला शिक्षा मिळायला लागली ती खुनाच्या कितीतरी वर्षं आधी, आणि ती देणारी माणसं नावागावानिशी पुस्तकात आहेत.

पहिली रात्र घोड्याची. मधमाश्यांची पोळी पहाटेपर्यंत बाजाराच्या गावी पोचवायची आहेत. बाप दारू पिऊन पडलेला, उठायच्या स्थितीत नाही. रात्री दीडच्या सुमाराला आई टेसला उठवते. पोरगी अजून वीस वर्षांचीही नाही, सोबतीला नऊ वर्षांचा भाऊ. तो वाटेत विचारतो, या चांदण्या म्हणजे वेगवेगळी जगंच ना? मग आपण चांगल्यावर राहतो की किडक्यावर? टेस म्हणते, किडक्यावर. पुढे तिला डुलकी लागते, कंदील विझतो, गाडी रस्त्याची बाजू सोडते आणि समोरून आलेल्या टपालगाडीचा दांडा त्यांच्या प्रिन्स घोड्याच्या छातीत घुसतो. टेस खाली उडी मारते आणि त्या भोकावर आपला तळहात दाबून धरते. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर, कपड्यावर. घोडा उभाच आहे, जमेल तितका वेळ उभा राहतो, आणि मग कोसळतो.

ही गोष्ट मी मोठी मायला रोज रात्री गच्चीवर अंथरुणं घातली की थोडी थोडी सांगते. सध्या खाली झोपणं शक्यच नाही, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. घोड्याचं ऐकून ती उठून बसली. "पोरले रातले कसाले धाडं? तिना बाप कोठे व्हता?"

मी म्हटलं, "पियेल व्हता."

तिने पुढे काही विचारलं नाही. आमच्या घराण्यात ही माहिती पुरेशी आहे.

दुसऱ्या दिवशी तोच बाप मेलेल्या घोड्याचे येतील ते शिलिंग नाकारतो. एका पाद्र्याने त्याला सांगितलेलं असतं की तू जुन्या सरदार घराण्याचा वंशज आहेस. मग सरदाराने घोड्याचं कातडं विकायचं कसं? तो घोड्यासाठी खड्डा खणतो, आणि हार्डी लिहितो की कुटुंबासाठी पीक काढायला त्याने कित्येक महिन्यांत एवढी मेहनत केली नव्हती. घर मात्र आता बसलं. भरपाई कोण करणार? जिच्या हातात लगाम होता ती. म्हणून तिला श्रीमंत 'नातेवाइकां'कडे पाठवतात. ते नातेवाईकही नसतात, त्यांनी ते आडनाव ग्रंथालयातल्या पुस्तकांतून शोधून लावलेलं. तिथे अ‍ॅलेक आहे. जंगलातल्या त्या रात्री ती दमून झोपलेली आहे, पुढचं हार्डी थेट लिहीत नाही. आता या सगळ्यात तिची 'निवड' कुठली ते मला कोणी दाखवून द्यावं.

शाळेत स्टाफरूममध्ये हे बोलले, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सगळं कबूल, पण नंतर ती पुन्हा त्याच्याकडे गेलीच कशाला?" हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि विचारणारा बहुधा घरभाड्याचं प्रकरण घाईने वाचून गेलेला असतो. मला तर ते प्रकरण पुस्तकातलं सर्वांत भयंकर वाटतं. टेसच्या बापाचं घर तीन जिवांच्या पट्ट्यावर होतं, म्हणजे ठरलेल्या तीन माणसांतलं शेवटचं जिवंत असेपर्यंतच घर त्या कुटुंबाचं. बाप तिसरा. तो गेला, पट्टा संपला. वर टेसच्या वागणुकीवरून गावात कुजबुज होतीच, त्यामुळे त्यांना ठेवून घ्यायला कोणी तयार नाही. एप्रिलच्या सुरुवातीला एक ठरलेला दिवस असे, त्या दिवशी शेतमजुरांचे वर्षाचे करार संपत आणि सगळ्या मुलखातल्या मजुरांची कुटुंबं गाड्यांवर संसार लादून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जात. टेसची आई पोरांना घेऊन निघते ती त्याच दिवशी.

खानदेशात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला पालटतं. आखाजी म्हणजे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरणपोळी, आंब्याचा रस, रात्रभर गाणी. आणि त्याच दिवशी सालदार हिशेब करतो, उचल फिटली की अंगावर राहिली ते ऐकून घेतो, आणि मालकाशी जमलं नाही तर बिऱ्हाड हलवतो. लहानपणी आमच्या मळ्यातून एक कुटुंब असंच गेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी खाट उलटी ठेवली, तिच्या पायांमध्ये गोधड्या, त्यावर पत्र्याची पेटी, पाण्याचा माठ कपड्यांत गुंडाळून. माझ्या वर्गातली त्यांची मुलगी माठ धरून बसली होती, कारण रस्त्यात तो फुटला तर नवा घ्यावा लागला असता. त्या दिवशी तिला झोक्यावर बसायला कोणी बोलावलं नाही. मीही नाही, मला सुचलंच नाही.

टेसची आई पोराबाळांसह पोचते तिथल्या खोल्या आधीच दुसऱ्याला दिलेल्या असतात. मग चर्चच्या भिंतीला टेकून उघड्यावर पलंग मांडतात. आत त्यांच्याच सरदार पूर्वजांची थडगी आहेत. नवरा ब्राझीलला गेलेला, लिहिलेल्या पत्राला उत्तर नाही, आणि अ‍ॅलेक सांगतो, तुझा नवरा परत येणार नाही, तुझ्या आईला आणि भावंडांना मी घर देतो. स्टाफरूममधल्या बाईंना मी एवढंच विचारलं की त्या संध्याकाळी त्या पलंगापाशी तुम्ही काय केलं असतं. त्या डबा उघडून जेवायला लागल्या. मला राग आला नाही, उत्तर माझ्याकडेही नाही. फक्त 'गेलीच कशाला' हा प्रश्न अ‍ॅलेकला कोणी विचारत नाही याचा मला त्रास होतो. तो मळणीच्या दिवशी शेतात येऊन तिला गाठतो. वाफेच्या यंत्रावर ती पहाटेपासून उभी, पेंढ्या सोडून देतेय, क्षणाची उसंत नाही. थ्रेशरवर काम केलेल्या बाईला विचारा, संध्याकाळी हात कोणाचे असतात ते. अशा माणसाला शांतपणे विचार करून निर्णय घ्यायला सांगायचं का?

बाळाचं लिहायचं राहिलं. ते लिहायला नको वाटतं, तरी लिहिते. टेसचं बाळ रात्री आजारी पडतं. टेसचा बाप पाद्र्याला घरात येऊ देत नाही, दाराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. बाप्तिस्मा न होता बाळ गेलं तर नरकात जाईल ही तिची खरी भीती. मग ती झोपलेल्या भावंडांना उठवते, हात धुवायच्या ठिकाणचं भांडं पुढे घेते, त्यांना गुडघ्यांवर बसवते, आणि मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच बाळाचा बाप्तिस्मा करते. नाव ठेवते दुःख. सकाळी बाळ जातं. पाद्री तिला म्हणतो, तू केलास तो बाप्तिस्मा चालेल. पण मग ख्रिस्ती रीतीने पुराल का? तर ते नाही. बाळ एका साध्या लाकडी पेटीत रात्री कंदिलाच्या उजेडात पुरलं जातं, खणणाऱ्याला एक शिलिंग आणि बिअर देऊन, आत्महत्या केलेल्यांच्या आणि दारुड्यांच्या कोपऱ्यात, जिथे खाजकुइली माजलेली असते. टेस मुरंब्याच्या बरणीत फुलं ठेवून येते.

साप्ताहिकात कादंबरी क्रमशः आली तेव्हा हे प्रकरण तिच्यात नव्हतंच. वाचकांना झेपणार नाही म्हणून गाळलं. झेपणार नाही ते टेसने झेपवायचं, वाचकांनी नाही.

एंजलबद्दल, म्हणजे टेसच्या नवऱ्याबद्दल, माझं मत कठोर आहे आणि ते मी मऊ करणार नाही. लग्नाच्या रात्री शेकोटीपाशी तो आधी स्वतःची कबुली देतो: लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर ४८ तास. टेस तत्क्षणी क्षमा करते, उलट तिला आनंद होतो, आता आपलंही सांगता येईल म्हणून. ती सांगते. तो म्हणतो, मी जिच्यावर प्रेम करत होतो ती तू नव्हेस. शेकोटी तीच, माणसं तीच, मधे काही मिनिटं गेलेली.

मोठी माय इथे माझ्या विरुद्ध गेली. "सांगाले नको व्हतं," ती म्हणाली. कादंबरीतली आईही पत्रात टेसला नेमकं हेच बजावते, काही झालं तरी सांगू नकोस. दोघी बायका, दोन मुलूख, सल्ला एक. मी तिच्याशी वाद घातला, खरं बोलणं हा गुन्हा कसा होईल म्हणाले. ती म्हणाली, गुन्हा नाही, पण जगायचं असेल तर. आमचं एकमत झालं नाही.

हार्डीशीही माझं भांडण आहे. फाशीनंतर तो लिहितो की न्याय झाला, आणि अमरांच्या अध्यक्षाने टेसशी चाललेला आपला खेळ संपवला. हे वाक्य फार नावाजलेलं आहे. मला ते त्याच्या स्वतःच्या पुस्तकावर अन्याय करणारं वाटतं. इतकी पानं त्याने एकेक माणूस दाखवला: दारू पिणारा बाप, कुलूप, पट्टा, पाद्री, मळेवाला, नवरा. आणि शेवटी सगळं देवांच्या माथी? कदाचित त्याला तो बोजा सहन झाला नसेल. सोळा वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, त्याने डॉर्चेस्टरला मार्था ब्राउन नावाच्या बाईची फाशी पाहिली होती. तिने मारहाण करणाऱ्या नवऱ्याला मारलं होतं. पावसाच्या झिमझिमीत लटकलेली तिची आकृती आणि काळा रेशमी पोशाख त्याला म्हातारपणीही आठवत होता.

पुस्तक आलं तेव्हा लोक जेवणाच्या टेबलांवर भांडले. एका डचेसने हार्डीला सांगितलं की पाहुण्यांची विभागणी करायला तिला आता सोपं झालं आहे: टेसला फाशीच हवी होती म्हणणारे एकीकडे, बिचारी निष्पाप म्हणणारे दुसरीकडे. ती स्वतः दुसऱ्या गटातली. मीही त्याच गटात बसेन, फक्त 'बिचारी' हा शब्द तेवढा काढून. टेसने कष्ट केले, क्षमा केली, बाळाला नाव दिलं, पोलीस आले तेव्हा उठून म्हणाली, मी तयार आहे. यात बिचारेपण कुठे आहे?

कोणाच्याच वाट्याचं दुःख त्याचं स्वतःचं नसतं, असं मात्र मी म्हणत नाही. हार्डीच्याच 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज'मधला हेंचर्ड घ्या. जत्रेत दारूच्या नशेत तो बायको पाच गिनींना विकतो आणि पुढे शपथ घेतो, २१ वर्षं दारूला शिवणार नाही. शपथ पाळतो, महापौर होतो, आणि तरी शेवटी सगळं गमावून मरतो, माझी कोणी आठवण काढू नका असं लिहून ठेवून. त्याने केलं ते त्याच्यापाशी परत आलं, हे मी मानते, आणि तरीही त्याच्यासाठी रडले. म्हणजे पात्रता आणि दया या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. टेसच्या बाबतीत मात्र मला दयेच्या आधी हिशेब हवा आहे, कोणाकडे किती बाकी आहे त्याचा.

आता रात्रीचे अकरा होत आले. खाली बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं लागायला सुरुवात झाली आहे, कोणीतरी माइक तपासतंय. शेवट सांगून झाला तेव्हा मोठी मायने विचारलं, "धाकली बहीन त्यालेच दिनी का?" मी हो म्हटलं. टेस पकडली जायच्या आदल्या रात्री स्वतःच एंजलला सांगते, लिझा-लूशी लग्न कर, आमच्या गावात मेहुणीशी लग्न करतातच. इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा ते चालत नव्हतं, १९०७ मध्ये चालायला लागलं. आमच्याकडे तर ही जुनीच रीत, मोठी मायच्या माहेरी दोनदा झालेली. तिला ते बरं वाटलं, घर मोडलं नाही म्हणून. मला नाही वाटलं. ज्याने सर्वांत कमी सोसलं त्याला दुसरी संधी मिळाली, आणि लिझा-लूला हे लग्न हवं होतं का, हे पुस्तकात तिला कोणीच विचारत नाही. मी ते मोठी मायला सांगितलं. ती म्हणाली, आम्हाला तरी कुठे विचारलं होतं.