अष्टमीला अघनाशिनीला जाऊ नका

"सकाळी सहा-साडेसहाला धक्क्यावर या सर, पक्षी तुमचीच वाट बघत बसलेले असतात." फोनवरच्या ह्या एका वाक्यावर विसंबून आम्ही तिघं पहाटे पाचला कारवार सोडलं आणि साडेसहाला गोकर्णजवळच्या तदडीच्या धक्क्यावर हजर झालो. मी, आमचे भावोजी आणि कॉलेजात जाणारा भाचा. समोर अघनाशिनी नदीची खाडी काठोकाठ भरलेली. चिखल नाही, वाळूचा पट्टा नाही, पाय टेकायला जागा नाही, मग पक्षी उभे कुठे राहणार? एका खांबावर ब्राह्मणी घार बसली होती, तीही अंग फुगवून, झोपेतून उठवल्यासारखी. घार बघायला बेळगावहून दोनशे किलोमीटर यायची गरज नव्हती.

चूक अर्धी फोनवरच्या माणसाची, अर्धी आमची. आम्ही बेळगावकर पक्षी बघायला शिकतो ते धुपदाळच्या बंधाऱ्यावर. घटप्रभेच्या फुगवट्यावर उजाडायच्या आत पोचायचं, करकोचे उडायच्या आधी कॅमेरा लावायचा, नऊला गोकाक गाठून नाश्ता करायचा. तिथं घड्याळ सूर्याचं. खाडीवर सूर्याला कोणी विचारत नाही, घड्याळ पाण्याचं असतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यातले किडे, शिंपले, खेकडे टिपायला पक्षी उतरतात. भरती आली की पोट भरलेलं असो वा नसो, ते निघून कुठंतरी आडोशाला जाऊन एका पायावर उभे राहतात. इतकी साधी गोष्ट, पण पाचवीपासून भरती-ओहोटीचा धडा वाचलेल्या आम्हा तिघांनाही घरून निघताना सुचली नाही.

दुसरा गैरसमज असा की, 'रामसर स्थळ' म्हटल्यावर भावोजींच्या डोळ्यांसमोर कमान, तिकीट खिडकी, मनोरा आणि गाईड आला होता. त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या पाकीट बाहेर काढलं. कमान नाही, खिडकी नाही. अघनाशिनीची खाडी २०२४ च्या सुरुवातीला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, ४,८०१ हेक्टर आहे, पण ते अभयारण्य नाही. ती लोकांची खाडी आहे: मासेमारी, तिसऱ्या (चिखलातले शिंपले) काढणं, कोळंबीची तळी, मिठागरं, भातशेती, सगळं तिच्यातच चालतं. या नदीवर उगमापासून मुखापर्यंत एकही मोठं धरण नाही, म्हणून गोडं पाणी आणि गाळ अजून आपल्या मर्जीनं खाली येतो आणि चिखल जिवंत राहतो. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी आम्ही पाकीट हातात धरून कोणाला पैसे द्यायचे हे शोधत होतो आणि असा माणूस धक्क्यावर लांबून ओळखू येतो.

आता होडी. फोनवर ठरलं होतं दोन तासांचे पंधराशे. धक्क्यावर ते झाले तीन हजार. कारणं: नाताळची सुट्टी, तिघं जण, कॅमेरा. कॅमेऱ्याला डिझेल जास्त लागतं का, असं भाच्यानं विचारलं तेव्हा होडीवाला हसला, पण आकडा हलला नाही. शेवटी अडीच हजारांवर तुटलं. त्यानं आम्हाला भरल्या खाडीतून खारफुटीच्या कडेनं गरगर फिरवून आणलं. दोन समुद्र बगळे, एक काळ्या डोक्याचा खंड्या (हा मात्र झकास, चोच लालभडक आणि पाठ निळीशार), बाकी पाणी. इंजिनाच्या आवाजानं उरलेसुरलेही उडाले. पाऊण तासानं "झालं सर" म्हणून परत धक्क्यावर. दोन तासांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, पक्षीच नाहीत तर दोन तास फिरून काय करणार? या तर्काला उत्तर नाही. अडीच हजार भागिले पाऊण तास, हा हिशोब मी परतीच्या वाटेवर येल्लापूरपर्यंत करत होतो.

तेव्हा सांगतो ते ऐका: पक्ष्यांसाठी होडी घेऊच नका. हौसेनं पाण्यावर फिरायचं असेल तर तदडीहून पलीकडच्या अघनाशिनी गावाला जाणारी प्रवासी होडी आहे, गावकऱ्यांबरोबर तीत बसा. घ्यायचीच असेल तर पैसे तासावर ठरवा, उतरताना द्या, आणि इंजिन बंद करून वल्ह्यानं न्यायला तयार आहे का ते आधी विचारा. नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे चला.

आमचा दिवस वाचवला तो एका बाईनं. टोपली घेऊन तिसऱ्या काढायला निघाली होती, पण काठावरच बसून राहिलेली. माझं बेळगावी कन्नड आणि तिचं किनाऱ्यावरचं कन्नड यांची गाठ पडायला जरा वेळ लागला. आज काम नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "इवत्तु अष्टमी. नीर इळियोदिल्ल." आज अष्टमी, पाणी उतरत नाही. भावोजी रोज पूजा करतात, पंचांग त्यांच्या फोनमध्ये आहे. पौष शुद्ध अष्टमी, हे त्यांनी सकाळी वाचलंही होतं!

कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. ओहोटी ऐन दुपारी बाराला. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हेच पाणी दीड-दोन मीटर खाली जातं आणि मैदानंच्या मैदानं उघडी पडतात. म्हणजे आम्ही पंधरवड्यातला नेमका वाईट दिवस निवडून, त्यातली नेमकी वाईट वेळ साधली होती. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं, त्यामुळं गेल्या आठवड्यात कोणाला सकाळी सातला हजार पक्षी दिसले असतील तरी तुम्हाला दिसतील याची हमी नाही.

सकाळी पक्षी हवे असतील तर द्वितीया ते चतुर्थी धरून जा, शुद्ध असो की वद्य. दीड-दोन-तीनला भरती, म्हणजे सात-आठ-नऊच्या सुमारास ओहोटी. ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून फोनवर कारवारचं भरतीचं कोष्टक एकदा पडताळून बघा. आणि पूर्ण ओहोटीला पोचू नका, असंही सांगतो. तेव्हा पक्षी पार लांब पाण्याच्या कडेला असतात, दुर्बिणीतूनही तांदळाचे दाणे दिसतात. पाणी परत वर चढू लागलं की तेच पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. आपण फक्त एका जागी गप्प बसायचं.

हे शहाणपण येण्याआधी मी चिखलात उतरलो, तेही सांगायला हवं. बाराला पाणी थोडं हटलं, राखाडी पट्टा दिसला, त्यावर निवट्या (चिखलावर फिरणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या. फोटोसाठी मी दहा पावलं आत गेलो. पहिली आठ ठीक होती. नवव्याला पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत. खाडीचा चिखल शेतातल्या चिखलासारखा नसतो, खालून ओढतो. जितकी धडपड कराल तितका आत. गमबूट जागेवर राहिला, पाय तेवढा वर आला. आत शिंपल्यांच्या धारा, तळव्याला दोन ठिकाणी चिरलं. भाच्यानं ट्रायपॉड आडवा टाकला, त्यावर पोटावर पडून मी सरपटत बाहेर आलो. ती बाई काठावरून हसत होती, आणि माझी तक्रार नाही. भावोजी पांढरा शर्ट घालून आले होते, त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही याची मात्र आहे.

म्हणून: गमबूट नकोत, घट्ट नाडीचे जुने कॅनव्हास बूट घाला, जे नंतर टाकून देता येतील. तिसऱ्या काढणारे ज्या वाटेनं जातात तिच्याबाहेर पाऊल टाकू नका, त्यांना कुठं वाळू आहे आणि कुठं गाळ आहे ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाणी चढू लागल्यावर तर आत जाऊच नका, ते तुमच्या मागच्या ओघळातून आधी भरतं. खरं सांगायचं तर चिखलात उतरायची गरजच नाही.

कारण पक्षी बांधावरून दिसतात! दुपारी जेवून (तदडीला मासे ताजे आहेत, एवढंच) त्याच बाईनं दाखवलेल्या गजनीच्या बांधावर जाऊन बसलो. गजनी म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारट शेतं, पावसाळ्यात त्यांत कग्गा नावाचं खारं पाणी सोसणारं भात घेतात आणि नंतर मासे-कोळंबी. तीनपर्यंत काही नाही. ऊन असं की टोपीतून डोकं शिजत होतं. भावोजी लांब एका झाडाखाली घोरत होते. साडेतीनला पाणी चढत बांधाजवळ आलं आणि पहिली झुंड आली, बारीक चिखल्यांची, शंभरेक तरी. सगळे एकदम वळले की पोटं पांढरी चमकायची, परत वळले की गायब. त्यांच्यामागून लाल पायांचे रेडशँक, मग ग्रीनशँक, मग वाकड्या चोचीचे व्हिंब्रेल. मग एक कर्ल्यू, एवढी लांब चोच घेऊन तो चालतो कसा हाच प्रश्न. आमच्यापासून चाळीस पावलांवर. समोरच्या पाण्यावर कैकरानं सूर मारला आणि मासा सरळ डोकं पुढे करून धरून नेला. भाचा फोटो काढायचं विसरला. मीही. पाचला सूर्य पाठीमागे आला आणि सगळा बांध सोनेरी झाला, त्या दीड तासासाठी मी सकाळचे अडीच हजार माफ केले असते. केले नाहीत, पण केले असते.

बांधावर बसताना एक पाळा: ही कोणाची तरी शेती आहे, विचारून बसा. उभे राहू नका, माणसाची उभी आकृती दिसली की अख्खी झुंड उठते. भरतीच्या वेळी त्यांना उठवणं सगळ्यांत वाईट, कारण बाकी सगळी जमीन पाण्याखाली असते आणि हे उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. ड्रोन आणणाऱ्याला तर खाडीत ढकला.

सानीकट्ट्याची मिठागरंही बघा, गोकर्णच्या वाटेवरच आहेत. तिथं पाणी उथळ आणि एकसारखं राहतं, त्यामुळं भर भरतीलाही पक्षी सापडतात. हे आम्हाला सकाळी कळलं असतं तर होडीत बसलोच नसतो.

प्राण्यांची फार आशा धरू नका. पाणमांजर नाही दिसलं. चिखलात कोल्ह्याचे ठसे, एका मोठ्या नांगीचे लाल खेकडे आणि निवट्या. निवट्याच बघत बसा, दोन नर पाठीवरचा पर उभारून भांडतात ते अर्धा तास पुरतं.

वाटेविषयी थोडक्यात. जाताना खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा, कारवार. गणेबैलच्या टोलपर्यंतचा रस्ता बघून पुढच्याची कल्पना करू नका. अणशीची वळणं पोटात काही नसताना घ्या, भाच्यानं खानापुरात दोन प्लेट इडली-वडा खाल्ला होता, त्यामुळं दोनदा थांबावं लागलं. परतताना अंकोला, येल्लापूर, हल्याळ, नंदगड. आरबैल घाटात रात्री लॉऱ्यांची रांग असते, आम्ही सातला सापडलो आणि घरी पोचायला मध्यरात्र झाली. थकला असाल तर अंकोल्याला मुक्काम करा, मर्दुमकी दाखवू नका. कारवारला आदल्या दिवशी काळी नदीच्या खारफुटीतली फळ्यांची वाट बघितली, समुद्रकिनारा बघितला, छान आहे. काळीच्या पुलावर गाडी थांबवून पक्षी बघायचा मोह मात्र आवरा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जुना पूल नदीत पडल्यापासून दोन्ही बाजूंची गर्दी एकाच पुलावर आहे.

महिने: ऑक्टोबरअखेर ते मार्चची सुरुवात. नाताळचा आठवडा सोडून. पाणी भरपूर न्या, बांधावर सावली नाही.

आम्ही परत जाणार आहोत, माघ शुद्ध तृतीया धरून. भावोजींनी या वेळी तिथी स्वतः काढली आहे आणि शर्टही खाकी घेतलाय. माझा डावा गमबूट अजून तदडीच्या चिखलातच आहे, कोणाला सापडला तर उजवाही नेऊन ठेवतो.