नसलेली पायरी

अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात, पण पायाला ते मान्य नसतं. तो आणखी एक पायरी गृहीत धरून खाली जातो, जमीन वेळेआधीच भेटते आणि धक्का थेट दातांपर्यंत पोचतो. गंमत म्हणजे आधीच्या पायऱ्या मी मोजलेल्याच नसतात. मी मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत असते. मग ती नसलेली पायरी धरली कुणी?

याचा छडा लावायला गेले आणि थोडा अपमानच पदरात पडला. चालते ती मी, अशी माझी समजूत होती. पण 1911 साली थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जू, पायांकडून येणाऱ्या संवेदना बंद केल्या तरी, स्नायूंना आळीपाळीने आखडायला लावतो. चालण्याचा ताल पाठीच्या कण्यातच मुरलेला! (वाचताना मांजरांची कीव आली, ते वेगळं.) पुढे 1966 मध्ये सोव्हिएत संशोधकांना मांजराच्या मध्यमेंदूत एक जागा सापडली. तिथे हलका विद्युतप्रवाह दिला की मांजर चालू लागे. जोर वाढवला की दुडकी चाल, आणखी वाढवला की चौखूर. म्हणजे वरून हुकूम एवढाच : चल, जरा भरभर. बाकीचं खालची मंडळी बघून घेतात.

आणि ते ‘बाकीचं’ काय थोडंथोडकं आहे? टाच टेकते तेव्हा नडगीपुढचा स्नायू पाऊल हळूच खाली सोडतो, म्हणून ते फटकन आपटत नाही. मग पोटरी अंगाला पुढे रेटते. पाय हवेतून पुढे येताना तोच नडगीचा स्नायू चवडा वर उचलून धरतो, तोही किती, तर बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर. एवढ्याशा फटीच्या भरवशावर आपण जन्मभर हिंडतो! एक स्नायू ओढत असताना त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला ‘तू जरा सैल हो’ असा निरोप जातो. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र, डोळे, स्नायूंतले ताण मोजणारे तंतू, सगळे आपापली खबर देत राहतात. लहान मेंदू ठरलेलं आणि घडलेलं ताडून बघतो आणि चूक दुरुस्त करतो. उतरताना तर पाऊल टेकण्याआधीच पोटरी ताठ होऊन भार झेलायला सज्ज होते. जमीन ठरल्यापेक्षा आधी आली, की तिची फजिती. माझे दात वाजतात ते त्यामुळे.

मी मध्ये पडले तर मात्र सगळंच बिघडतं. भरल्या सभागृहात मंचाकडे जाताना सगळे बघताहेत असं वाटलं, की हाताचं काय करायचं हेच कळेनासं होतं.

माझे बाबा ऐंशीच्या पुढचे. फिरायला गेल्यावर महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते थांबतात. “बाबा, चालता चालता सांगा ना,” असं मी वैतागून म्हणायचे. मग वाचनात आलं, की बोलताना चालणं थांबवणारे वृद्ध पुढे पडण्याचा संभव जास्त असतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांना 1997 मध्ये आढळलं होतं. जे काम इतकी वर्षं खालच्या खाली उरकत होतं, त्याला आता वरच्या मेंदूची हजेरी लागते. एका वेळी दोन्ही झेपत नाही.

आता मीही थांबते. परवा ते थांबले, बराच वेळ समोर बघत राहिले, “काही नाही, विसरलो,” म्हणाले आणि चालू लागले.