एमजीबीची सीट: एक गाडी, दोन उंच्या

माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची सहा फूट, आणि गाडी एकच: १९७३ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. आम्ही ऑक्सफर्डजवळ राहतो, त्यामुळे गाडीचं माहेर शेजारीच आहे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एमजीबी आणि तिची छपरवाली बहीण जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. सीट बेतताना साडेपाच-पावणेसहा फुटी इंग्रज पुरुष समोर बसवला असणार, असा माझा पक्का संशय आहे. स्टिअरिंग वर-खाली होत नाही, पेडल जिथल्या तिथे. हलवता येते ती फक्त सीट.

हिवाळ्यात दोन्ही सीट नव्याने भरून घेतल्या. नवा फोम, नवं काळं रेक्झिन आणि बैठकीखालचा रबराचा पडदाही नवा. हा पडदा सीटच्या चौकटीत आकड्यांनी ताणून बसवलेला असतो. रबर वाळून चिरलं की बैठक खड्ड्यात जाते आणि लोक उगाच फोमला दोष देतात. आमचा जुना पडदा तर नुसता लोंबत होता. सगळं नवं भरल्यावर गोष्ट उलटी झाली. नवरा बसला की विंडस्क्रीनची वरची पट्टी थेट त्याच्या डोळ्यांसमोर, आणि स्टिअरिंग मांडीला घासायला लागलं. मला मात्र बॉनेटचं टोक पहिल्यांदाच नीट दिसलं, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. कारागीर म्हणाला, "ताई, थोडा फोम तासून देऊ का?" (हो, इथेही ताई. माणूस गुजराती, आमची अर्धी गिऱ्हाइकी हिंदीतच चालते.) मी नको म्हटलं. नवा फोम वापरून वापरून आपोआप दबतो, तासलेला काही परत वाढत नाही. उंचीचा हिशेब सीटच्या वर करायचाच नाही, खाली करायचा.

खाली दोन रनर असतात, म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ते रूळ, रनर आणि तळाचा पत्रा यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या, आणि त्या सगळ्यातून जाऊन पत्र्याला पक्क्या जोडलेल्या नटांत फिरणारे चार बोल्ट. हे नट पन्नास वर्षं इंग्लंडच्या मिठाळ हिवाळी रस्त्यांवरचा चिखल खात आलेले. जोर करून एखादा नट पत्र्यापासून सुटला की बोल्ट नुसता गरगर फिरत राहतो, मग वेल्डिंगवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आदल्या रात्रीच गाडीखाली शिरून तारेच्या ब्रशने माती काढली आणि गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. बोल्ट इंचाच्या मापाचे, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचे. मिलिमीटरचा पाना 'जवळजवळ' बसतो, आणि त्या जवळजवळमध्येच बोल्टाचं डोकं गोल होतं.

सीट किती उंच, यापेक्षा कोणत्या कोनात, हा प्रश्न मोठा. बुटक्या माणसासाठी पुढची बाजू उचलली तर सीटची कड मांडीखाली रुतते, टाच अधांतरी राहते आणि क्लच शेवटपर्यंत दाबला जात नाही. मला मागची बाजू किंचित वर हवी होती, नवऱ्याला नेमकी मागची बाजू खाली. शेवटी तह असा झाला की सीट त्याच्या मापाची ठेवायची, म्हणजे जाड लाकडी पट्ट्या काढून पातळ घालायच्या, आणि माझ्यासाठी मागे जाड, पुढे पातळ अशी कडक उशी करायची. उशी खालून पट्ट्याने सीटला बांधलेली हवी. ब्रेक मारल्यावर ड्रायव्हरसकट घसरणारी उशी मला मान्य नाही.

पट्टी बदलली की बोल्टाची लांबी बदलते, हे बरेच जण विसरतात. जाड पट्टीला जुनाच बोल्ट लावला तर नटात दोन-तीन आटेच धरतात. हाताला घट्ट लागतो, पण धडक बसली की उपटून येईल. बोल्टाच्या जाडीएवढी तरी लांबी नटात उतरलीच पाहिजे.

खरी कटकट पुढेच. आधीच्या कुण्या मालकाने ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा बदलून घेतला होता आणि बदलणाऱ्याने भोकं अंदाजपंचे पाडली होती. दोन्ही रनर गुण्यात नव्हते; मागची टोकं पुढच्यापेक्षा जवळ. एमजीबीत सीट अडकवणारा खटका एकाच रनरला असतो, दुसरा नुसता सरकतो. रनर समांतर नसले की सीट जुन्या कपाटाच्या खणासारखी तिरकी होऊन रुतते. आधी रनरमधलं पुढचं-मागचं अंतर सारखं येतं का ते पाहिलं, मग दोन्ही कर्ण. पत्र्यातले नट हलणार नव्हते, म्हणून रनरच्या पायाचं एक भोक कानशीने लांबट केलं आणि वर जाड वायसर घातला. मग चारही बोल्ट नुसते बोटांनी लावले आणि सीट पुढे-मागे सरकवत राहिले, अजिबात न अडखळता सरकेपर्यंत. त्यानंतर सीट पूर्ण पुढे घेऊन मागचे बोल्ट आवळले, पूर्ण मागे घेऊन पुढचे. एकदम एकच बोल्ट कचकन आवळला तर सगळी मेहनत वाया. थोडं इकडे, थोडं तिकडे.

कार्पेट आधीच टाकलेलं असू द्या. मधल्या टनेलवरचं (दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावरचं) जाड कार्पेट सीटला चांगलंच दाबतं, आणि कार्पेटशिवाय छान सरकणारी सीट कार्पेट चिकटवल्यावर रुसते. बेल्टचं बक्कलही त्याच फटीत असतं. सीट खाली गेली की ते वर येतं, उशी घातली की खाली बुडतं. दोघांनी आळीपाळीने बसून, बेल्ट लावून, हँडब्रेक ओढून पाहिल्याशिवाय मी शेवटचा हात मारला नाही.

इथे चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून दरवर्षीच्या एमओटी तपासणीची सक्ती नाही. लोकांना त्याचा आनंद होतो, मला धाकधूक वाटते, कारण सीट पक्की आहे की नाही हे आता दुसरं कुणी बघणार नाही. लाकडी पट्ट्या दबतात, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा पाना लावायचा. डावीकडची सीट मी जवळपास जशी होती तशीच बसवली. तिथे सासूबाई बसतात, आणि त्यांना उंचच हवी असते.