उन्हाळा आला की पायाला फोड

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा झाली की माझ्या साताऱ्यातल्या ओपीडीत फोड आलेले पाय येऊ लागतात. तापलेला रस्ता, अनवाणी चाल. त्यात नवल नाही. पण त्या दिवशीच्या मुलाच्या पायांत नवे मऊ बूट होते, आणि घाटाची चढण त्यानं वडिलांच्या खांद्यावर बसून पार केली होती. चालला असेल तो दुकानांपुरता. तरी दोन्ही तळव्यांवर टपोरे फोड, आत स्वच्छ पाणी. जुन्या फोडांचे व्रण मात्र कुठंच नाहीत.

आजी म्हणाल्या, "दरसाल उन्हाळ्यात असंच. उष्णता लई हाय त्याच्या अंगात." सब्जा झाला होता, धन्याचं पाणी झालं होतं, बुरशीचं मलमही लावून झालं होतं. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं विचारलं, तर वडिलांनी काही न बोलता चप्पल काढली. टाचेच्या कडेला जाड कातडी आणि एक ताजा फोड.

एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स: साध्या घासण्यानंही कातडीला फोड आणणारा आनुवंशिक आजार. कातडीच्या वरच्या पापुद्र्यातल्या सर्वांत तळच्या पेशींना केराटिन 5 आणि केराटिन 14 या प्रथिनांच्या जोडीतून विणलेलं जाळं सांभाळतं. एकेक धागा जेमतेम 10 नॅनोमीटर जाडीचा. मला या धाग्याचं फार कौतुक आहे. अ‍ॅक्टिन या पेशीतल्याच दुसऱ्या प्रथिनाचे धागे ताठ, पण थोडं ताणलं की तुटतात. केराटिनचा धागा दुपटीहून जास्त लांबला तरी तुटत नाही. जाळं सुतळीच्या पोत्यासारखं: हलकं ओढलं तर सैल, जोर लावला की घट्ट. या घराण्यात ही जोडीच नीट जुळत नाही. मग चपलेच्या साध्या घासण्यानंही पेशी आतून फाटते आणि त्या फटीत पाणी साचतं. उन्हाळ्यात हे वाढतं, एवढं आजींचं खरं होतं. दोष केराटिनच्या जनुकात आहे, हे 1991 साली उलगडलं.

"धाकटीला बी होईल का?" वडिलांनी विचारलं.

"शक्यता निम्मी आहे, दादा. चालायला लागली की लक्ष ठेवा."

मुळापासून बरं करणारं औषध नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागलं. निर्जंतुक सुईनं पाणी काढायचं, वरची कातडी सोलायची नाही. आजी ती दरवेळी सोलत होत्या. सुती मोजे, सैल बूट. जनुक तपासणीसाठी रक्त पुण्याला पाठवलं. वर्गातली पोरं त्याच्याजवळ बसत नव्हती, म्हणून शाळेसाठी चिठ्ठीही दिली: हा आजार कुणाला लागत नाही, आणि याला उन्हात कवायतीला उभं करू नये.