तुम्ही विचारलंत म्हणून: बदामीपर्यंत जाऊन हंपी का नाही?

"बदामीपर्यंत गेलात आणि हंपी न बघता परत फिरलात?" लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या जिन्यात, भेटेल तो हेच विचारतो. सुट्टी शिल्लक होती, रस्ता चांगला होता, दादाने हंपीजवळच्या होसपेटला खोल्याही घेऊन ठेवल्या होत्या. तरी नाही गेलो. एकदा नीट सांगते.

गाडी माझी, चालवणारी मी. बरोबर आई, दादा आणि माझा मुलगा. सोलापूरहून विजयपूर गाठलं. गोलघुमटात आवाज घुमतो ती गॅलरी पार वर. तिथे जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले अरुंद पायऱ्यांनी चढायचे. आईचे गुडघे तेवढे चढणारे नाहीत. ती खाली बसून राहिली. बदामीतही तेच. तिसऱ्या लेण्यातला, 578 सालचा, शेषावर बसलेला विष्णू बघून आम्ही उतरलो, तेव्हा माकडांच्या भीतीने काचा वर करून ती गाडीत बसली होती. "छान होतं ना?" एवढंच तिने विचारलं. मला ते फार लागलं.

मग पट्टदकल. मलप्रभा नदीच्या काठी सपाट जागा, हिरवळ, एकाच आवारात उत्तरेकडच्या धाटणीची उंच शिखरं असलेली देवळं आणि दक्षिणेकडच्या धाटणीची, गाभाऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांचे कळस (त्यांना विमान म्हणतात) असलेली देवळं. इथे आई स्वतःच्या पायांनी फिरली. विरूपाक्षाच्या देवळातल्या मंडपात खांबांवर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेत. ती एकेका खांबापाशी थांबून नातवाला गोष्ट सांगू लागली. कांचीच्या पल्लवांवर चालुक्य राजा विक्रमादित्याने (दुसरा) विजय मिळवला म्हणून राणी लोकमहादेवीने हे देऊळ बांधवलं आणि शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या बहिणीने, हे मी सांगितल्यावर म्हणाली, "दोघी बहिणींची देवळं शेजारी शेजारी? चल, तेही बघू." वेरूळचं कैलास लेणं या विरूपाक्षावर बेतलंय असं अभ्यासक मानतात. आईने वेरूळ पाहिलंय, त्यामुळे तिला सगळं ओळखीचं वाटत होतं.

दादा मात्र घड्याळ बघत होता. ऐहोळ्याची देवळं व्हायची होती, मग हुनगुंद, इलकल, कुष्टगी करत अंधाराआधी होसपेट. तो आईला म्हणाला, "आटप आता, असली देवळं पुढे खूप आहेत." आई लगेच उठली. ते तिचं लगेच उठणं मला बघवेना. मी म्हटलं, आज इथेच थांबायचं, उद्या पुन्हा इथेच यायचं आणि मग घरी. दादा भडकला. नंदीसमोर, चार लोकांत म्हणाला, "आईच्या नावावर स्वतःची दमणूक खपवू नकोस."

दमले होते मी, नाही कशाला म्हणू? पण म्हणून आईचं ते दोन दिवस खाली बसून राहणं खोटं ठरतं का?

दादाची बाजूही सांगते, कारण ती मला झोपू देत नाही. आमचं घर वारकऱ्यांचं. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून, म्हणजे आजच्या हंपीहून, पांडुरंगाची मूर्ती पंढरपूरला परत आणली, ही कथा आम्ही आईच्याच तोंडून ऐकलेली. हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. "तो रिकामा गाभारा एकदा बघायचाय," असं म्हणतच ती घरून निघाली होती. वाहनतळापासून मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या असतात, म्हणजे गुडघ्यांचंही कारण नाही. मी तिला पट्टदकललाच विचारलं होतं. "राहू दे हंपी," म्हणाली. ते मनापासून होतं की आमचं भांडण मिटावं म्हणून?

पूर्वीची मी, चित्तोडगड अर्ध्या दिवसात उरकून संध्याकाळी उदयपूर गाठणारी, आजही मला विचारते: आणखी दीडशे किलोमीटरच तर होते! त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिने चित्तोडचं काय पाहिलं असं विचारलं, तर तिच्याकडेही नाही.

तेव्हा यापुढे मला नका विचारू, आईला विचारा. मला ती म्हणते, "बरं झालं बाई थांबलो." दादाला फोनवर म्हणते, "विठ्ठलाचं देऊळ राहिलंच बघ." दोन्ही वेळा मी तिथेच असते, आणि दोन्ही वेळा ती खरंच बोलत असते.